वाढत्या अंगाचा फ्रॉक

माझ्या धाकट्या जावेला टीव्हीनं मोठं केलं, असं पेठेत सगळे म्हणतात. साफ खोटं. तिला मोठं मी केलं. टीव्हीनं ते नुसतं दाखवलं, आणि दाखवताना मला कापलं. हे मी घरात कुणाला बोलून दाखवत नाही. बोलले तर म्हणतील, बघा, थोरली जळते. जळते की! जळायला काय मला पैसे पडतात?

आधी घर सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. सोलापुरात शुक्रवार पेठेत आमचं घर. खाली शाळेच्या युनिफॉर्मचा कारखाना, वर आम्ही राहतो. नवरा आणि दीर बाहेरचं बघतात, म्हणजे कापड आणणं, शाळांच्या ऑर्डरी धरणं. आतलं सगळं, कटिंगपासून इस्त्रीपर्यंत, आम्हा दोघी जावांकडं. सासूबाईंना सगळे अव्वा म्हणतात, आमच्यात घरात निम्मं कानडीच चालतं. अव्वांकडं धागे. शिवून आलेल्या प्रत्येक कपड्याला इकडंतिकडं दोरे लोंबत असतात, ते गाठ मारून बुडापासून छाटायचे. लग्न होऊन आल्यापासून त्या हे काम करतायत. समोर टीव्ही चालू, तोंडानं सुनांचा उद्धार चालू, आणि हातातली छोटी कात्री आपली कचाकच. पाहुण्याच्या शर्टाचा दोरा लोंबताना दिसला तरी बोलता बोलता त्याची बाही धरून छाटतात. नव्या व्याह्यांनाही सोडलं नव्हतं.

मी बी.कॉम. लग्नाआधी सात रस्त्याला एका ऑफिसात हिशेबाचं काम करायचे. इंग्रजी लिहिता येतं, वेळ पडली तर बोलताही येतं. धाकटी अक्कलकोटकडची, बारावीला बसलीच नाही. पण देवानं तिला जीभ दिली, आणि देताना माझ्या वाटणीचीही तिलाच देऊन टाकली. भाजीवाला मला मोजून जुडी देतो. तिला जुडी, वर कढीपत्ता, आणि वर घरची खबरबात. गिऱ्हाईक बाई फ्रॉक घ्यायला येते आणि नणंदेनं काय काय केलं ते तिला सांगून, डोळे पुसून जाते. मला तीच बाई 'किती झाले?' एवढंच विचारते.

आता कल्पना. ती माझी. हे नीट लक्षात ठेवा, कारण सगळं घोडं इथंच अडलंय.

युनिफॉर्मच्या धंद्यात एक वाक्य जूनमध्ये उठता बसता ऐकावं लागतं: "ताई, वाढत्या अंगाचा शिवा हं." आईचं काय चुकतं? पोरगी वाढणार, फ्रॉक दरवर्षी कोण घेणार? म्हणून माप मोठं सांगायचं. मग पहिल्या वर्षी पोरगी थोरल्या बहिणीचा फ्रॉक घालून आल्यासारखी दिसते, दुसऱ्या वर्षी जरा माणसात येते, आणि तिसऱ्या वर्षी गुडघे उघडे. शिंपी आत कापड दुमडून ठेवतात, पण ते उसवायला आईला वेळ नाही आणि शिंप्याला हौस नाही. हे मी लग्न होऊन आल्यापासून बघत होते.

एकदा घरात मोठी जेवणावळ होती म्हणून साखरेचं पोतं आणलं. नवरा विळी घेऊन त्याच्याशी झटापट करत बसला. मी म्हटलं, सरका. पोत्याच्या शिवणीचं एक टोक असं असतं की ते बरोबर सापडलं की नुसतं ओढायचं, सर्रकन अख्खी शिवण निघते. मी ओढलं. शिवण निघाली आणि मी तो दोरा हातात घेऊन तशीच बसले. अव्वा ओरडल्या, "साखरेला मुंग्या लागतील, काय बघत बसलीस?" मी बघत होते फ्रॉक. फ्रॉकच्या घेराला आत घड्या घालायच्या, त्या पोत्याच्या टाक्यानं शिवायच्या आणि टोक आत बोटभर मोकळं सोडायचं. जून आला की आईनं घरच्या घरी एक दोरा ओढायचा, फ्रॉक खाली. पुढच्या जूनला दुसरा. शिंपी नको, कात्री नको.

मेकॅनिकला बोलावून त्या टाक्याचं मशीन मीच बसवून घेतलं. घडी धुण्यात सुटते का बघायला स्वतःच्या लेकीला वर्षभर तोच फ्रॉक घातला मी. तेव्हा धाकटी काय करत होती? "अक्का, लई भारी डोकं हाय हो तुमचं," म्हणत होती आणि चहा करत होती. चहा चांगला करते, ते नाकारत नाही.

टीव्हीवर तो एक कार्यक्रम असतो बघा. धंद्याची कल्पना घेऊन जायचं, समोर मोठेमोठे पैसेवाले बसलेले असतात, शार्क म्हणतात त्यांना, त्यांना पटली तर ते धंद्यात पैसे घालतात. अर्ज मी भरला. पुण्याला पहिल्या निवडीला बोलावणं आलं तेव्हा मला दोन दिवस जेवण गेलं नाही. पैसे मिळतील न मिळतील, मला एकच पाहिजे होतं. त्या टीव्हीवर उभं राहून म्हणायचं होतं, ही कल्पना माझी आहे. आयुष्यभर मी दुसऱ्यांच्या शाळांची नावं खिशावर शिवली. एकदा स्वतःचं नाव सांगायचं होतं.

भाषण लिहिलं. इंग्रजीत आणि हिंदीत, दोन्ही. आरशासमोर पाठ केलं, कुकरसमोर म्हटलं, नवऱ्याला तर इतकं ऐकवलं की तो झोपेत 'नमस्कार शार्क्स' म्हणेल की काय असं वाटायला लागलं. आणि फ्रॉक धरायला एक माणूस हवं म्हणून धाकटीला बरोबर नेलं. नेलं मीच. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात, इथं दांडा मीच तासून दिला.

पुण्यात एक चुणचुणीत पोरगी कॅमेरा लावून बसली होती. मी बोलले, एक शब्द न चुकता. ती म्हणाली, "छान मॅम, जरा नॅचरल होईल का?" मी परत बोलले. तिनं जांभई दाबली, ते मला दिसलं. तेवढ्यात धाकटी फ्रॉक धरून धरून कंटाळली असावी, मधेच आपल्या सोलापुरी हिंदीत म्हणाली, "मॅडम, छोरी बढती ना? तो फ्रॉक कायको नै बढना?"

झालं! ती पोरगी खो खो हसली. "परत म्हणा, परत म्हणा." कॅमेरा माझ्यावरनं सरकला तो सरकलाच. मला वाटलं, फिरेल परत. धाकटी बोलत सुटली. पोतं, साखर, माझ्या नवऱ्याची विळी, सगळं. माझीच गोष्ट, आणि तिच्या तोंडात गेल्यावर इतकी गोड झाली की मलाही ऐकावीशी वाटली. त्याचाच तर संताप.

आठवड्यानं फोन आला. निवड झाली. "पण मॅम, बोलतील त्या. तुम्ही मागे सपोर्टला." सपोर्ट! म्हणजे मी आणि हँगर, दोघं एकाच कामाला. मी फोन ठेवला आणि बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडले. बाहेर आले तेव्हा अव्वा धाकटीच्या तोंडात साखर घालत होत्या. बोलणाऱ्याची माती विकते आणि न बोलणाऱ्याचं सोनं विकत नाही, हे शाळेत वाचलं होतं, घरात बघितलं.

पुढचे दिवस कसे गेले विचारू नका. मी तिला आकडे शिकवायचे. खर्च किती, नफा किती, वर्षाला माल किती. ती म्हणायची, "अक्का, आकड्याला तुमी हाव की." मी म्हणायचे, "आणि तुला विचारलं तर?" "तर मी तुमच्याकडं बघीन." अंगाचा असा भडका उडायचा! शेजारणी यायच्या, तिला कुठल्या रंगाची साडी, कसला अंबाडा, हे ठरवत बसायच्या. अव्वांनी ट्रंकेतलं त्यांचं इरकल काढलं आणि तिच्या खांद्यावर टाकलं. त्या इरकलाकडं मी लग्न झाल्यापासून बघत होते. माझ्या चेहऱ्यावर काहीतरी दिसलं असणार, अव्वा म्हणाल्या, "तू काय, मागंच उभी राहणार की. तुला तुझी गुलाबी चालतीय."

निघायच्या दिवशी मी सगळे नमुने तपासले. प्रत्येक फ्रॉकची घडी, प्रत्येकाचा आतला दोरा. मग प्लास्टिकच्या पिशव्यांत घालून बॅगेत भरले आणि आंघोळीला गेले. आले तर बॅग बंद होती. मी कुलूप घातलं.

मुंबईचा तो स्टुडिओ म्हणजे नुसता गारठा. वर एवढे दिवे आणि खाली बर्फ. आम्ही आत गेलो. ती पुढं, इरकल नेसून, गुलबाक्षीसारखी फुललेली. मी मागं, हातात फ्रॉक. समोर ते पैसेवाले खुर्च्यांवर बसलेले. धाकटीनं हात जोडले, "हम सोलापूरसे आये," म्हणाली आणि मग थांबलीच नाही. छोरी बढती तो फ्रॉक कायको नै बढना, ते झालं. जूनमधल्या आया झाल्या. पोतं झालं. सगळे हसत होते, माना डोलावत होते. मी बघत होते आणि मनात माझं पाठ केलेलं भाषण पुढं पुढं चाललं होतं, ऐकायला कुणी नाही.

मग एक साहेब उठून आले. माझ्या हातातला फ्रॉक घेतला. "दोरा कुठंय? मी ओढून बघतो."

धाकटीनं घेर उलटा केला. दोरा नाही. दुसऱ्या बाजूनं बघितलं. नाही. मी बॅगेतनं दुसरा फ्रॉक काढला, त्याला नाही. तिसऱ्याला नाही. घडीच्या टोकाला एक बारीक, नीटनेटकी गाठ, आणि तिथनं दोरा बुडापासून छाटलेला. ती गाठ मी ओळखली. अख्ख्या सोलापुरात तसली गाठ एकच बाई मारते. मी आंघोळीला गेले तेव्हा अव्वांनी बॅग उघडून सगळे लोंबते दोरे साफ केले होते.

आणि धाकटी गप्प झाली. लग्न होऊन आल्यापासून मी तिला पहिल्यांदा गप्प बघितलं. फ्रॉक उलटापालटा करतेय, हसायला बघतेय, हसू येत नाही. साहेब हात कमरेवर ठेवून उभे. खुर्चीतल्या एका बाईंनी घड्याळाकडं बघितलं. खरं सांगू? माझ्या जिवाला थंड वाटलं. म्हटलं, बोल आता! कायको नै बढना, सांग! एवढासा क्षण होता, पण मी तो चवीनं खाल्ला.

तिनं मागं वळून माझ्याकडं बघितलं. आकडा विसरली की बघणार होती, तसंच. तिच्यासाठी मी पुढं झाले असं म्हणणार नाही. फ्रॉक माझा होता. तो पडला असता तर मी पडले असते. बांगडीला अडकवलेली सेफ्टी पिन काढली, खाली बसले, फ्रॉक मांडीवर घेतला. अव्वांची गाठ म्हणजे दगड. पिनेचं टोक आत घालून हलवत राहिले, सुटली. पहिला टाका उचलला, दोरा बोटभर बाहेर आला. तो साहेबांच्या हातात दिला आणि म्हटलं, "आता ओढा."

त्यांनी ओढला. सर्रकन घेर खाली आला. सगळ्या खुर्च्यांतनं टाळ्या पडल्या. टाळ्या! माझ्याकडं बघून! त्या घड्याळ बघणाऱ्या बाई पुढं झुकल्या आणि त्यांनी मलाच विचारलं, "ही कल्पना कुणाची?"

याच प्रश्नासाठी मी तिथवर आले होते. मी उठून उभी राहिले. पदर सारखा केला. इंग्रजीतलं वाक्य जिभेवर तयार होतं, श्वास घेतला.

आणि धाकटीनं मला खांद्याला धरून पुढं ढकललं, रडत होती ती, आणि म्हणाली, "दिमाग इनका है साब. मेरा तो बस मूं है."

संपलं. एक साहेब उठून टाळ्या वाजवायला लागले, त्या बाईंनी रुमाल डोळ्यांना लावला. धाकटी माझ्या गळ्यात पडली. माझं वाक्य तसंच राहिलं, इंग्रजीतलं. त्यानंतर ते म्हणणार कुणाला? सगळ्यांना कळलंच होतं.

पैसे त्या बाईंनी घातले. किती ते सांगत नाही, नजर लागते. बाहेर आल्यावर मी घरी फोन लावला. "अव्वा, दोरे तुम्ही कापले का?"

"मग? लोंबत होते की," अव्वा म्हणाल्या. "अख्खा देश बघणार. म्हणतील, सोलापूरचा माल असलाच असतो व्हय?"

"अहो, ते दोरेच दाखवायला नेले होते!"

"ते आधी सांगायचं न्हाय व्हय."

त्याआधी घरात वर्षभर त्या दोऱ्यांशिवाय दुसरं बोलणं नव्हतं. पण हाताची सवय, कानानं ऐकलेलं तिथवर जातच नाही. धाकटी स्टुडिओच्या पायरीवर बसून पोट धरून हसत होती. मलाही हसू आलं होतं, मी दाबलं.

कार्यक्रम लागला त्या दिवशी पेठेतली निम्मी माणसं आमच्या कारखान्यात मशीनींच्या मधे सतरंज्या टाकून बसली होती. मी मागं उभी होते, तिथंही. धाकटीचं बोलणं सगळं दाखवलं. दोरा सापडत नाही ते दाखवलं, खाली धडधडतं संगीत लावून. मग माझी पिन, म्हणजे नुसते माझे दोन हात आणि गुलाबी पदर. टाळ्या दाखवल्या, पण तोवर कॅमेरा धाकटीच्या डोळ्यांतल्या पाण्यावर गेला होता. बाईंनी मला प्रश्न विचारला तो कापला. मग 'दिमाग इनका है'. तेव्हा मी दिसते, खांदा आणि अर्धा कान.

तेवढाच तुकडा मोबाईलवर फिरला. सोलापुरात असा माणूस नसेल ज्याला तो आला नाही. माझ्या माहेरच्यांनीच मला तो पाठवला, खाली लिहून की काय गुणाची पोर आहे! लोक म्हणायला लागले, आजकाल कोण कुणाचं नाव घेतं? सख्खी बहीण घेत नाही, आणि ही जाऊ असून भर टीव्हीवर सगळं श्रेय थोरलीला देऊन टाकलं. काय मन आहे! एका महिला मंडळानं तिचा सत्कार केला, मोठ्या मनाबद्दल. मी शाल घडी करून पिशवीत ठेवायला बरोबर गेले होते.

नवऱ्याला म्हटलं एकदा. तो जेवत होता. म्हणाला, "आता काय राहिलं? तिनं तुझंच कौतुक केलं की." बरोबर आहे. तिनं चोरलं असतं तर मी भांडले असते, भांडी आपटली असती, वेगळी चूल मांडली असती. तिनं दिलं. सगळं दिलं, मागायच्या आधी, माझ्याहून चांगल्या शब्दांत. अशा बाईशी भांडायचं कसं, कुणी मला शिकवा. ती खोटी असती तर किती बरं झालं असतं! आजही गिऱ्हाईक आलं की ती तेच सांगते, "डोकं अक्काचं," आणि मनापासून सांगते. आणि गिऱ्हाईक तिच्याकडंच बघत राहतं.

परवा टेंभुर्णीहून एक बाई आली, पोरीला घेऊन. खास फ्रॉकसाठी एसटीनं आली होती. मी माप घेत होते. टेप पोरीच्या छातीभोवती होता तेवढ्यात ती मला न्याहाळत म्हणाली, "अवं, तुमीच का त्या? त्या ताईंनी टीव्हीत जिच्याकडं बोट केलं त्या?"

"व्हय," मी म्हटलं. "मीच ती."

"लई नशीब तुमचं बगा," ती म्हणाली. "असली जाऊ मिळाया पुण्य लागतं. हायत का त्या घरात?"

मी जिन्यातनं हाक मारली. धाकटी हात पुसत खाली आली. बाईनं तिचे दोन्ही हात धरले, पोरीला पाया पडायला लावलं, आणि मग पिशवीतनं मोबाईल काढून माझ्यापुढं केला.

"ताई, आमचा दोघींचा एक फोटू काढता का?"

"अक्का, तुमी पण या की मधे," धाकटी म्हणाली. खरंच म्हणाली, हात पुढं करून.

"मग काढंल कोण?" बाई म्हणाली.

मी टेप गळ्यात टाकला आणि मोबाईल घेतला. दोघींना जरा उजेडाकडं सरकवलं आणि काढला. चांगला आला.